ठसा तुझ्याकडे आहे

१२ फेब्रुवारी, जेवणाची सुट्टी

दादा,

तीन रात्री झाल्या, डोळ्याला डोळा लागला नाही. ढब्बीला वाटतं आई जागी आहे म्हणजे खेळायचं. ती माझ्या पोटावर बसून टाळ्या वाजवते आणि मी छताकडे बघत पडते. शेजारच्या मावशींना सांगितलं, पोरीला दात येतायत म्हणून जागरण होतं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दात तिला येतायत का तुला?"

कारण सांगते. वीस तारखेला एक बाई येणार आहेत. लांबून येतायत, फार शिकलेल्या आहेत, सोबत जांभळा दिवा आणतायत. तो दिवा त्या आपल्या दगडावर धरणार. आपल्या म्हणजे त्या पाखराच्या. त्या उजेडात सगळं वेगवेगळं दिसतं म्हणे. हाड वेगळं, दगड वेगळा, आणि माणसाच्या हातचं काही असलं तर तेही वेगळं. म्युझियमच्या सरांनी हे इतक्या आनंदानं सांगितलं की मीपण हसले. मग मागच्या नळावर जाऊन दोनदा हात धुतले.

माणसाच्या हातचं आहे, दादा. माझ्याच हातचं.

हे लेबलांच्या वहीत मागच्या बाजूनं लिहितेय. पोस्टात टाकीन का नाही माहीत नाही. चौथीतल्या अक्षराला हसू नकोस. फोन तू उचलत नाहीस. परवा मावशींच्या फोनवरून केला, तू हॅलो म्हणालास, मी नुसतं "दादा" म्हटलं आणि तू ठेवलास. एवढा कसला राग धरून बसलायस, मला खरंच कळत नाही.

सुट्टी संपली. काका हात धुऊन आले.


१३ फेब्रुवारी

दादा,

मी इथे काय करते ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. तुला वाटत असेल म्युझियममध्ये फरशी पुसते. पहिले दोन महिने पुसलीच. मग काकांनी माझे हात बघितले. काका म्हणजे इथले जुने, तीस वर्षं दगडातून हाडं मोकळी करतायत. म्हणाले, "खाणीतली पोर आहे, दगड कुठे सुटतो ते हिला कळतं. द्या मला." तेव्हापासून मी दगडखोलीत.

वर एक मोठं भिंग लोंबतं, दांडीवर. खाली वाळूची पिशवी, तिच्यावर दगड. हातात सुई, दुसऱ्या हातात ब्रश. हाडाच्या बाजूचा दगड कण कण काढायचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मुगाच्या दाण्याएवढं झालं तर काका म्हणतात आज घाई केलीस.

आपलं पाखरू कावळ्याएवढं आहे. पण तोंडात दात आहेत. हाताला तीन बोटं, तिन्हीला नख्या. शेपूट लांब, हाडांची, पालीसारखी. आणि छातीवर बेचकीसारखं हाड, ते आजच्या कोंबडीला पण असतं. मग हे पक्षी का डायनासोर? खोलीत दोन कपाटं आहेत, डावीकडे डायनासोर, उजवीकडे जुने पक्षी. आपला दगड दीड वर्ष मधल्या टेबलावर पडून आहे. काका सरांना चिडवतात, "तिसरं कपाट करून टाकू का? सुतार माझ्या ओळखीचा आहे."

सर म्हणतात, "काका, पक्षी म्हणजे डायनासोरच. बाकीचे गेले, ही एक फांदी राहिली. ती आता तुमच्या खिडकीत बसून घाण करते." खिडकीत कबूतर होतं. मी त्याच्याकडे बघत बसले. पायाला खवले आहेत की रे त्याच्या. इतकी वर्षं बघितलेच नव्हते.

मग ठरवायचं कसं, तर सरांकडे एक मोठा तक्ता आहे. दोनशे सव्वीस रकाने. दात आहेत का? मनगटात अर्ध्या चंद्रासारखं हाड आहे का? असेल तर एक लिहायचं. नसेल तर शून्य. अशी शंभर जनावरं एकाखाली एक. मग कॉम्प्युटर त्यांचं झाड काढतो, कोण कोणाच्या फांदीवर ते. एका जागी फुटलेल्या दोन फांद्या असल्या की सर त्यांना बहिणी म्हणतात.

आणि तिसरी खूण आहे, प्रश्नचिन्ह. दगड तिथेच तुटला असेल, हाड हरवलं असेल, तर शून्य नाही लिहायचं. सरांनी मला हे बोट धरून शिकवलं. "नाही आणि दिसत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माहीत नसेल तर प्रश्नचिन्ह काढायचं. त्यात लाज नाही."

मी तेव्हा मान हलवली होती.


१५ फेब्रुवारी

आज सांगूनच टाकते, मग तू काय म्हणायचं ते म्हण.

नोव्हेंबरात काका डोळ्याच्या ऑपरेशनला गेले. जाताना म्हणाले, "पाखराच्या हाताच्या बाजूला तपकिरी दिसलं की थांब. चिखल समजून घासू नकोस. पिसांचा डाग असतो तो, फुंकरीएवढा पातळ." मी म्हटलं थांबीन.

आणि मी थांबत होते, दादा. तिसऱ्या दिवशी ओला ब्रश हातात होता आणि पाळणाघरातून फोन आला. ढब्बीनं बटण गिळलं. फोन कान आणि खांद्याच्या मधे धरलेला, ती बाई रडतेय, मी ओरडतेय, पालथी घाला, पाठीवर मारा. आणि हात चालूच. खाणीत दगड रचताना आपण बोलतो, हात थांबत नाहीत, तशी सवय. फोन ठेवला आणि भिंगातून बघितलं तर तीन बोटांएवढी जागा पांढरी स्वच्छ. ब्रशावर तपकिरी पाणी.

बटण तिच्या मुठीत होतं. गिळलंच नव्हतं.

मी तेव्हाच सरांकडे जायला पाहिजे होतं. पाय निघाले पण होते. मग डोक्यात आलं, मी अजून कायम नाही. राहते ती मागची खोली म्युझियमची आहे. ढब्बीच्या बापाचा पत्ता नाही. तुझा... असो. पोरीला कडेवर घेऊन मी कुठे उभी राहणार?

दगडांवर नंबर घालायची तपकिरी शाई असते. ती डिंकाच्या पाण्यात पातळ केली. मागच्या अंगणात कबुतराचं एक लहान पीस पडलेलं, ते समोर ठेवलं. आणि सगळ्यात बारीक ब्रशानं, श्वास धरून, तिथे पिसं काढली. चार. छान जमली. हेच वाईट झालं, फार छान जमली.

मी खोटं नाही काढलं, असं मनाला सांगत राहिले. पिसं होतीच तिथे. होती तिथेच परत ठेवली.


१७ फेब्रुवारी

काका डिसेंबरात परत आले तेव्हा नव्या डोळ्यांनी सगळं बघत सुटले होते. माझ्या नाकावरचा तीळ बघून म्हणाले, "हा आधीपासून होता?" मग दगडावर वाकले. भिंग खाली ओढलं. मग म्हणाले, "काय गं पोरी, हे पाखरू कबुतरखान्यातून आलं काय?"

मी हसले. ते हसले नाहीत. पण पुढे विचारलंही नाही. तेव्हापासून रोज माझ्या टेबलाशी चहा ठेवतात आणि म्हणतात, "काही बोलायचंय का?" मी म्हणते, साखर जास्त झाली.

आता काय झालंय बघ. सरांनी ती पिसं मोजली. पिसाच्या मधे काडी असते ना, तिच्या दोन्ही बाजू. उडणाऱ्या पिसाची काडी एका कडेला असते, एक बाजू अरुंद, एक रुंद, म्हणजे वारा कापता येतो. अंगावरच्या पिसाची काडी बरोबर मधे. ती नुसती उबेला. मी बघून काढलं ते कबुतराच्या पोटाचं पीस होतं. मला काय माहीत पिसा-पिसांत फरक असतो!

सरांनी तक्त्यात लिहिलं, दोन्ही बाजू सारख्या. उडता येत नव्हतं. म्हणाले, नुसत्या पिसांवर काही ठरत नाही, पिसं तर न उडणाऱ्या डायनासोरांनापण होती. पण आपल्या पाखराचं अडलंच तिथे होतं, बाकी रकाने दोन्हीकडे सारखे झुकत होते. हा एक आकडा पडला आणि झाडात ते तीन फांद्या खाली गेलं. पक्ष्यांपासून लांब. सरांनी त्यावर लेख लिहिला, चाळीस पानं. तोच तपासायला दिवेवाल्या बाई येतायत.

आणि दादा, मी पुसायच्या आधी अर्ध्या क्षणासाठी भिंगातून बघितलं होतं. मला आठवतं, काडी कडेला होती. अगदी कडेला. पण खरंच आठवतं का आता हवंय म्हणून आठवतं, ते माझं मलाच कळत नाही. आधी मी तिथे नव्हतंच काही असं समजून झोपायचा प्रयत्न केला होता, तेही जमलं होतं एक-दोन दिवस. माझ्या आठवणीचा भरवसा नाही.

भरवसा तुझ्या दगडाचा आहे. फोडलास तेव्हा दोन तुकडे झाले होते. हाडं या तुकड्यात आणि त्यांचा ठसा त्या तुकड्यात. पिसांचा डागपण दोन्हीकडे निम्मा निम्मा उतरतो, काकांनीच सांगितलंय. मी इकडचा पुसला. तिकडचा तुझ्या घरात आहे.

आहे ना?

काल खाणीतला ट्रकवाला पायऱ्यांचे दगड टाकायला आला होता. वहिनी कशी आहे विचारलं. म्हणाला, "मजेत आहे. दादानं नळाशी धुण्याला मस्त सपाट दगड बसवून दिलाय." मी विचारलं कुठला दगड. तो म्हणाला, "दगड तो दगड, बाई. तुम्ही म्युझियमवाले दगडाला पण नाव विचारता."

पलंगामागे उभा करून ठेवला होतास तोच का रे? वहिनी किती वर्षं धुण्याच्या दगडासाठी मागे लागली होती. ठसा खाली गेलाय का वर?


१९ फेब्रुवारी, सकाळी

आज खरं लिहिते. वर लिहिलंय ना मी, तुझा राग का ते कळत नाही. कळतं मला.

तू तेव्हा काय केलंस ते मी रोज आठवते. मी सातव्या महिन्यात, तो माणूस निघून गेलेला, ऊन डोक्यावर. दगड तू फोडलास. सर खाणीवर आले आणि म्हणाले, ज्याला सापडलं त्याला आमच्याकडे सावलीतलं काम देतो. तू एक क्षण थांबला नाहीस. म्हणालास, "हिला सापडलं. माझ्या बहिणीला." खाणीची रीतच आहे, हाडाचा भाग मालकाचा, ठसा फोडणाऱ्याचा. म्हणून तू ठसा घरात लपवलास. सरांना कळलं ठसा तुझ्याकडे, तर फोडणारा तूच हेपण कळलं असतं. मला बजावलंस, "विचारलं तर सांग, दुसरा भाग चुरा झाला." मी तसंच सांगितलं.

आणि गेल्या वर्षी तू आलास. अंगावर खाणीची पांढरी धूळ, काखेत ढब्बीसाठी लाकडाची गाडी. म्युझियमच्या दारात उभा होतास, चपला काढू का नको म्हणून खाली बघत. तेवढ्यात सर आले. खाणीवर घोळक्यात एकदाच बघितलेलं तुझं तोंड त्यांना आठवलं नाही. विचारलं, "हे कोण? खाणीवरचे का?" मला वाटलं आता विचारतील, हळूहळू सगळं निघेल. मी म्हटलं, "कोणी नाही सर. तिकडचे ओळखीचे आहेत."

माझा भाऊ आहे म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? काहीच नाही. सरांनी चहा दिला असता तुला.

तू माझ्याकडे बघितलंस. मग सरांना म्हणालास, "हो. ओळखीचाच." गाडी टेबलावर ठेवलीस आणि गेलास. ती गाडी अजून आहे. एक चाक ढब्बीनं चावून चावून बारीक केलंय. दात खरंच येतायत तिला.

मी काल काकांना सगळं सांगितलं. त्यांनी चहा ठेवला, विचारलं काही बोलायचंय का, आणि मी रडायलाच लागले. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "मला माहीत होतं. तुझ्या तोंडून यायची वाट बघत होतो." मी म्हटलं तुम्हीच सांगा ना सरांना. म्हणाले, "मी सांगितलं तर ती तक्रार होईल, पोरी. तू सांगितलंस तर माहिती होईल."

मी विचारलं, नोकरी जाईल का? ते म्हणाले, "जाईल बहुतेक."

बरं वाटलं. कोणीतरी खरं बोललं.

मग मी विचारलं, धुण्याच्या दगडावर किती दिवस टिकेल डाग? काकांनी चहा खाली ठेवला. "वर असेल तर एक दिवस. खाली असेल तर ओल पोचेपर्यंत. तू इथे काय करतेयस मग?"


२० फेब्रुवारी, सकाळी साडेपाच

जो कोणी ही वही उघडेल त्यांना,

सर असतील, दिवेवाल्या बाई असतील, कोणीही असा. मी दगडखोलीत काम करते ती. कडेवर पोर घेऊन मागच्या दारानं जाते ती. काकांनी काल किल्ली मला दिली होती, दार त्यांनी उघडं ठेवलेलं नाही, त्यांना काही बोलू नका.

आधीची पानं माझ्या भावाला लिहिली होती. टाकायचा धीर झाला नाही. आता तुम्हीच वाचा. जे केलं ते सगळं त्यात आहे, मी परत लिहीत नाही, बस सहाची आहे.

दगड मधल्या टेबलावर झाकून ठेवलाय. जिथे मी पिसं काढली तिथे एक लेबल ठेवलंय, त्याच्यावर प्रश्नचिन्ह लिहिलंय. सर, तक्त्यात तेवढं एका जागी तुम्हीपण करा. मी प्रश्नचिन्हच काढायला पाहिजे होतं, मी पीस काढलं. डिंक कुठल्या बाटलीतला, शाई कुठली, ते लेबलाच्या मागे लिहिलंय, म्हणजे काढताना सोपं जाईल. खालचा दगड दुखावलेला नाही. ब्रश फार हलका होता.

मी पळून गेले असं वाटेल. नाही गेले. दगडाचा दुसरा भाग आणायला गेले. बसनं सहा तास आहे. मिळाला तर उद्या संध्याकाळी घेऊन येईन, बाईंना तेवढं थांबायला सांगा. बिघडला असला तरी येईन, काय बघितलं ते सांगायला. आणि तो दगड मी नाही फोडला. माझ्या भावानं फोडला. ते पाखरू त्याला सापडलं. पाखराला नाव द्याल तेव्हा कोणाला सापडलं हे लिहितात ना, तिथे बरोबर लिहा. मग मला काढायचं तर काढा.

एक काम करा माझं. माझ्या भावाला फोन करा. नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर आहे. माझा आवाज ऐकला की तो ठेवतो, तुमचा ठेवणार नाही. ऑफिसच्या फोनवरून करा, आताच करा, हे वाचल्या वाचल्या. वहिनी अकरा वाजता धुणं काढते, मी पोचायच्या आधी. त्याला सांगा, त्या दगडावर आज धुणं नको. उलटा करू नकोस, पाणी घालू नकोस, काही दिसलं तरी पुसू नकोस. नुसतं त्याच्याशेजारी बसून राहा.

आणि सांगा, दुपारी पोचणाऱ्या बसनं ती पोरीला घेऊन येतेय. तो विचारेल, कोण येतंय?

ओळखीची म्हणू नका. तुमची बहीण म्हणा.